दारात दोन गाड्या

४ फेब्रुवारी

ती. ताईंना,
नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळे जिवंत आहेत. फोन केला नाही याचं कारण तुमचे बंधुराज. कामावरून आले की चपला काढायच्या आधी माझा फोन उघडतात आणि कुणाला काय सांगितलं ते बघतात. हे पत्र मी माझ्या दुकानातून टाकते आहे, उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठवा. तिथं पँट आखूड करायला आणि चेन बदलायला येणाऱ्यांशिवाय कुणी फिरकत नाही.

गेल्या आठवड्यात यांनी एका शिक्षकांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवून दिली. ते बिचारे भिंती चाचपडत फिरले. उभा जन्म काचा घासण्यात गेलेला माणूस आणि ही तऱ्हा. चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी मला बोलावून सांगितलं, हात असेच थरथरत राहिले तर मला यांना ठेवून घेता येणार नाही. डॉक्टर त्याहून स्पष्ट बोलले. यकृत सुजलंय, दारू आत्ता सुटली नाही तर पुढच्या वर्षाचे बेत करू नका म्हणाले. त्या वेळी हे खिडकीबाहेर बघत बसले होते, जणू शेजाऱ्याविषयी चाललंय.

तेव्हा व्यसनमुक्ती केंद्र शोधायला घेतलंय. फोनवर शोधलं तर राज्यभरातली ढीगभर केंद्रं निघाली. सगळ्यांच्या फोटोत हिरवळ आणि सगळ्यांची माणसं हसणारी. एका ठिकाणी नंबर दिला, तर आता ते पाठच सोडत नाहीत. 'मॅडम, पेशंटला आजच आणताय ना?' जणू मी सोफा बघायला गेले होते.

शेवटी माझं मीच बघितलं. माझ्या दुकानासमोर पिवळ्या गेटचं केंद्र आहे. मशीनवर बसलं की त्यांची गच्ची दिसते, सकाळी माणसं तिथं रांगेत हातपाय हलवतात. चालवणारे साहेब स्वतः एके काळी प्यायचे, आता शिस्तीला कडक आहेत. मला ते पसंत आहे. तुम्हाला कळवावं म्हणून कळवलं.

तुमची भावजय


९ फेब्रुवारी

प्रिय सुई,
आशीर्वाद.

लग्नात तुझं हे नाव मी ठेवलं ते उगीच नाही. 'कळवावं म्हणून कळवलं' हे वाक्य तू कसं टोचून टोचून लिहिलंस ते मला इथं दिसलं. कागद ओला झालाय त्याला इलाज नाही. तलावाच्या काठावर उभी राहून, पोरांच्या पोहण्यावर एक डोळा ठेवून लिहिते आहे.

पिवळं गेट तुला पसंत आहे, कारण ते तुझ्या मशीनवरून दिसतं. बरोबर ना? गच्चीवरचा माणूस दिसला म्हणजे तो बरा होतो, असं कुठं असतं का? मी तुला विचारते, तिथं डॉक्टर मुक्कामाला असतो का? आमच्या तलावाचे डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली की पहिल्या काही दिवसांत झटका येऊ शकतो, त्यात माणूस जाऊही शकतो. शिस्त घेऊन काय करायचीय तेव्हा? दुसरं, गेटला कुलूप आतून असतं की बाहेरून? तिसरं, हात उगारतात का? हे साहेबांना विचारू नकोस, तिथून बाहेर पडलेल्याला विचार.

आता माझं ऐक. इथं गावाबाहेर बागेतलं केंद्र आहे. डॉक्टर रोज येतात. तिथल्या समुपदेशक बाई इतक्या मायेनं बोलतात की मी चौकशीला गेले आणि माझंच सगळं आयुष्य त्यांना सांगून बसले. बॅडमिंटन आहे, वाचायला पुस्तकं आहेत. मला सायकलवरून जाता येतं. आई गेल्यापासून बारक्याला मी वाढवलंय, त्याची उशी उंच लागते की बसकी, इथपासून मला ठाऊक आहे. तू तिकडं दुकान सांभाळ, मी इकडं त्याला सांभाळते.

तुझी ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईंना,
नमस्कार.

उशी त्यांना बसकी लागते. तुमच्या वेळी उंच लागत असेल.

दुसरं म्हणजे, केस पांढरे झालेल्या माणसाला बारक्या म्हणणं आता पुरे करा. तुमचा फोन येऊन गेला की ते घरात बारक्यासारखे वागतात. जेवणाचं ताट उचलत नाहीत.

परवा मी तुमचं बागेतलं केंद्र बघून आले. तुमच्या गावात येऊन तुमच्याकडे आले नाही, याचा राग आला तर येऊ दे. केंद्र छान आहे, नाही म्हणत नाही. त्या बाईही छान आहेत, तिशीच्या आहेत आणि आवाज असा मऊ की लोकरीचं काही शिवतोय असं वाटावं. हे गेलं वर्षभर माझ्याशी 'वाढ' आणि 'झोप' यापलीकडे बोललेले नाहीत. ते तिथं जाऊन बागेतल्या बाकावर त्या बाईंना मन मोकळं करणार, संध्याकाळी तुम्ही सायकलवरून हजर, आणि मी इथं लोकांच्या चेन बदलत बसणार. माझ्या पोटात दुखलं ताई, मी लपवत नाही. पण मुद्द्याचंही विचारलं. घरी परतल्यावर पुढं काय, कुणी विचारपूस करतं का? तर हातात एक रंगीत पुस्तिका दिली.

येताना मधल्या गावी बस बदलायची होती, म्हणून तिथल्या सरकारी रुग्णालयातला वॉर्डही बघितला. भिंतींचे पोपडे निघालेत आणि खाटा कुरकुरतात. पण डॉक्टर चोवीस तास असतात. तिथून सुटलेल्यांच्या आपल्या दोन्ही गावांत दर आठवड्याला बैठका होतात. नर्सबाई एवढं सांगून म्हणाल्या, भेट फक्त रविवारी, एका पेशंटला एकच माणूस, आणि तो कोण ते पेशंट सांगणार. हे ऐकलं आणि मी पर्स उचलून निघाले.

का निघाले ते तुम्हाला कळलं असेल. लोक बाटलीला सवत म्हणतात. बाटलीचं मला काही नाही. प्यायल्यावर झोपेत हे 'ताई' म्हणून हाक मारतात, त्याचं मला आहे. तेव्हा पिवळं गेटच ठीक.

तुमची भावजय


१८ फेब्रुवारी

सुई,

गावात येऊन घरी आली नाहीस, हे मी मेल्यावरसुद्धा लक्षात ठेवीन.

तो झोपेत मला हाक मारतो म्हणतेस. जागेपणी मारतो का? सहा महिन्यांत त्याचा स्वतःहून एक फोन नाही. मीच करते, आणि तो म्हणतो, 'थांब, हिला विचारतो.' ताप आला का, तर हिला विचारतो. कुणाच्याही हो ला हो करणारा माझा भाऊ तू असा खिशात घातलास की मला त्याची उशीसुद्धा माहीत राहिली नाही. पोहायला शिकला तेव्हा माझं बोट सोडायला तयार नव्हता. तलावातली बाकीची पोरं हसायची. आता त्याला अंघोळीला ऊन पाणी द्यायचं की गार, हे तू ठरवतेस.

आणि ते सरकारी वॉर्डाचं. मीही बघून आले होते, तुला लिहिलं नाही इतकंच. मलाही तो नियम सांगितला आणि मीही निघून आले. तो माझं नाव सांगेल असं तुला वाटलं, पण तो तुझंच सांगेल हे मला चांगलं माहीत आहे. म्हणूनच निघाले.

असो. पिवळ्या गेटचं मनातून काढून टाक. बारक्याशी मी बोलले आहे आणि तो हो म्हणालाय. बाकीचं मी बघते.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

काल फोनवर आपण एकमेकींना जे बोललो ते माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ऐकलं. यापुढं फोन नको. लिहिताना निदान मधे श्वास घेता येतो.

सोमवारी काय झालं ते तुम्हाला नीट माहीत नाही, कारण काल तुम्ही ऐकूनच घेतलं नाही. मी पिवळ्या गेटवाल्यांना सांगून ठेवलं होतं, सोमवारी सकाळी गाडी पाठवा. हे 'बरं' म्हणाले होते. सकाळी गाडी आली, पांढरी. मी यांची पिशवी आणायला आत गेले आणि बाहेर आले तर दारात दोन गाड्या. दुसरी हिरवी, दारावर फुलं रंगवलेली. तिच्यातून उतरलेला माणूस म्हणाला, पेशंटच्या मोठ्या बहिणीनं पाठवलंय, जवळचं माणूस म्हणून त्यांचंच नाव आहे. पांढऱ्या गाडीवाला म्हणाला, आमच्याकडे बायकोचं आहे. तुमच्याकडेही ते 'बरं' म्हणाले होते म्हणे.

समोरच्या बायका बाल्कनीत आल्या. एक जण चक्क खुर्ची घेऊन आली. दोन्ही गाडीवाले हुज्जत घालत होते आणि मी तिसरी. हे मात्र शांत. आतून खुर्च्या आणल्या, गाडीवाल्यांना बसवलं, स्वतः चहा करून दिला. यांनी घरात चहा केलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग म्हणाले, 'दूध संपलंय, घेऊन येतो.' आणि किटली घेऊन गेले ते आजतागायत आलेले नाहीत.

दारूच्या दुकानांत विचारलं, पुलाखाली बघितलं, पोलिसांत कळवलं. ते तुमच्याकडे आलेत आणि तुम्ही लपवताय, असं मला काल वाटत होतं. खरं सांगू, आज मला तसंच असावं असं वाटतंय. असतील तर ठेवून घ्या. फक्त एक ओळ लिहा.

तुमची भावजय


१ मार्च

सुई,

तो इथं नाही. असता तर मी तुझ्या नाकावर टिच्चून सांगितलं असतं, एवढं तरी तू मला ओळखतेस.

मी तलावावर सुट्टी टाकलीय. स्टँड, दवाखाने, त्याच्या जुन्या दोस्तांची घरं, सगळं पालथं घातलं. काल एका बाकावर त्याच्यासारखा कुणी पाठमोरा दिसला. मी शिट्टी फुंकली. इतक्या वर्षांची सवय, तोंडात शिट्टीच आली. तो माणूस वळला, भलताच निघाला.

तुला फोनवर म्हटलं की तुझ्यामुळे गेला. तू म्हटलंस की माझ्यामुळे. गाड्या पाठवणाऱ्या आपण दोघी, आणि दोघींना 'बरं' म्हणणारा तो. कुणालाच नाही म्हणता येत नाही त्याला. पिण्याचंही तसंच झालं असेल, कुणीतरी 'घे रे' म्हटलं असेल. सुई, त्याची दारू एकदम थांबली असेल तर तो कुठं पडला असेल? आणि थांबली नसेल तर? मला दोन्ही विचार करवत नाहीत.

काही कळलं तर भांडण बाजूला ठेवून कळव.

ताई


६ मार्च

ती. ताईंना,
नमस्कार.

सापडले. काल तुम्हाला निरोप पोचला असेलच, आता सविस्तर लिहिते.

मधल्या गावच्या सरकारी वॉर्डात आहेत. सोमवारी किटली घेऊन निघाले ते थेट बसमध्ये बसले आणि संध्याकाळी तिथं जाऊन 'मला ठेवून घ्या' म्हणाले. घरी कळवू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. काल फोन केला तो तिथल्या ड्रायव्हरकाकांनी. निवृत्त बसचालक आहेत, स्वतः त्याच वॉर्डातून सुटलेले, आता नव्यांना सोबत करायला येतात.

तोच वॉर्ड कसा निवडला ते काकांनी सांगितलं, ऐका. आपल्या गाडीवाल्यांना चहा देताना हे कानोसा घेत होते. पांढऱ्यावाला म्हणाला, तुमच्याकडे नुसती बाग. हिरव्यावाला म्हणाला, तुमच्याकडे डॉक्टर बोलावला तर येतो. एकमेकांची पार लक्तरं काढली, आणि शेवटी दोघांचं एकमत झालं की स्वतःचा भाऊ असता तर सरकारी वॉर्डातच नेला असता. आपण दोघींनी महिनाभर केंद्रं तोलली, यांनी एका चहात निवाडा केला.

दुसऱ्याच दिवशी झटका आला होता. डॉक्टर तिथंच होते म्हणून वाचले. तुम्ही ते पहिल्या पत्रात लिहिलं होतं. मी ते वाचून तुमच्यावर चिडले होते.

आता माझा नवा जळफळाट ऐका. हे ड्रायव्हरकाकांना सगळं सांगतात. सासूबाई गेल्या त्या दिवशी मनात काय आलं ते, दुकानात पहिल्यांदा हात थरथरला तेव्हा काय वाटलं ते. फोनवर काका मला म्हणाले, 'तुम्हाला माहीतच असेल.' मी 'हो' म्हणाले. मला काही माहीत नव्हतं. तुम्हाला तरी होतं का?

भेट सोळा तारखेच्या रविवारपासून. एकच माणूस, नियम तोच. कोण येणार असं विचारल्यावर हे म्हणाले, 'त्या दोघी ठरवतील.'

तुमची भावजय


१३ मार्च

प्रिय सुई,
आशीर्वाद.

नाही, मलाही माहीत नव्हतं. त्या ड्रायव्हरवर आपण दोघी मिळून जळूया, तेवढंच एक काम आपण एकत्र केलं असं होईल.

आठवडाभर विचार केला. माझ्या मनाप्रमाणे वागले असते तर रविवारी पहाटेच गेटवर जाऊन बसले असते. पण घरी परतल्यावर रोज त्याच्यासमोर तू असणार आहेस. पहिली भेट तुझी. मी येणार नाही, अजिबात नाही, वाट बघू नकोस. इस्त्रीचा शर्ट घेऊन जा, त्याला चुरगळलेला आवडत नाही. की आता तेही बदललंय?

जाऊन आलीस की सगळं लिही. कसा दिसतो ते आधी लिही.

तुझी ताई


१३ मार्च

ती. ताईंना,
नमस्कार.

हे लिहायला मला फार जड जातंय, म्हणून झटपट लिहून टाकते. रविवारी तुम्ही जा. झटक्याचं तुम्हाला आधी सुचलं, मला गच्ची सुचली. शुद्धीवर येताना त्यांनी 'ताई' म्हटलं, असं काका म्हणाले. मला तीन दिवस त्याचा राग होता. आता कमी आहे, गेला असं नाही म्हणणार.

इस्त्रीचा शर्ट मी काकांच्या हाती पाठवला आहे. मी रविवारी दुकान उघडं ठेवणार आहे, म्हणजे पाय तिकडं वळणार नाहीत. त्यांना सांगा, उशी घरून पाठवते.

तुमची भावजय


१८ मार्च

ताई,

हे कुरिअरनं पाठवते आहे, उद्या हातात पडेल. तुमचं पत्र मला काल मिळालं, माझंही तुम्हाला कालच मिळालं असणार. म्हणजे काय झालं ते तुम्हाला कळलंच. कुणीच गेलं नाही.

काका आज दुकानात येऊन गेले. रविवारी हे सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून गेटसमोरच्या बाकावर बसले होते. बाकीच्यांची माणसं आली, बोलली, गेली. काकांनी जेवायला बोलावलं तर म्हणाले, 'नको, त्या येतील आणि मी नसायचो.' संध्याकाळी गेट बंद झालं तेव्हा उठले, खाटेवर जाऊन पिशवी भरायला लागले. मी घरी जातो म्हणाले. काका म्हणतात, तो घरी जाणार नव्हता हे मला बघताक्षणी कळलं.

काकांनी पिशवी काढून घेतली आणि शेजारी बसून राहिले. तेव्हा हे बोलले. म्हणाले, 'त्या दिवशी माझ्या दारात दोन गाड्या उभ्या होत्या. माझ्यासाठी दोन. गल्ली बघत होती. मी कुणाला तरी हवा आहे असं किती वर्षांनी वाटलं. म्हणून तर इथं आलो, बरं व्हावं म्हटलं. आज एक पण नाही. कंटाळल्या दोघी.'

ताई, मी हे लिहिताना रडते आहे आणि मला तुमचा रागही येतो आहे. तुम्हाला आयुष्यात एकदा मनाचा मोठेपणा सुचला तो नेमका त्या रविवारी. मलाही तेव्हाच सुचला. आपल्याला ते जमत नाही, आपण त्या वाटेला जायला नको.

काकांनी येत्या रविवारपर्यंत त्यांना थांबवून धरलंय, त्याच्यापुढची हमी ते देत नाहीत. तेव्हा रविवारी दोघींनी यायचं. आत एकच जाणार आणि ती मी जाणार. बायको आहे मी. तुम्हाला हे पटणार नाही, पटवून घेऊही नका. गेटपाशी माझ्याशी भांडा. तुम्ही त्यांना वाढवलंत ते सांगा, उंच उशीचं सांगा, पोहायला शिकवल्याचं सांगा. मीही मागे हटणार नाही. वॉर्डाची खिडकी गेटच्या बरोबर वर उघडते आणि त्यांची खाट तिसरी आहे, तेव्हा हळू बोलून चालायचं नाही. तलावाच्या पलीकडच्या काठावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं भांडायचं. नर्सबाईंशी काका बोलून ठेवणार आहेत.

पहिल्या बसनं या. आणि शिट्टी आणायला विसरू नका.

तुमची,
सुई